कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर: स्वादुपिंडाची औषधं कोणती, कशासाठी आणि घ्यायची कशी

गेल्या पावसाळ्यात एक काका दुकानात आले. पँट कमरेला सुतळीनं बांधलेली, कारण पट्ट्याला नवं भोक पाडायला जागा उरली नव्हती. स्वादुपिंडाचा जुना आजार. नागपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कॅप्सूल चार महिन्यांपासून चालू होत्या, तरी वजन उतरतच चाललं होतं. "काका, कॅप्सूल घेता कधी?" मी विचारलं. "जेवल्यावरच घेतो ना भाऊ. हात धुतले का एक. पोटात जाऊन तं मिसळतेच."

मी चिठ्ठी पाहिली. तिच्यावर प्रत्येक मोठ्या जेवणाला २५,००० युनिटच्या दोन कॅप्सूल लिहिल्या होत्या. त्यांच्या हातात डबी होती १०,००० ची. कुठल्याशा दुकानात "हीच आहे, चालते" म्हणून दिलेली. म्हणजे ५०,००० च्या जागी १०,०००, आणि तीही जेवण उरकल्यावर. बिचाऱ्यांनी एक दिवस औषध चुकवलं नव्हतं. कॅप्सूल बदलली, वेळ बदलली. दिवाळीनंतर कापूस घेऊन बाजार समितीत आले तेव्हा दुकानात डोकावून गेले. कमरेला पट्टा होता.

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बावीस वर्षांपासून माझं औषधाचं दुकान आहे. स्वादुपिंडाच्या बाबतीत मला सतत हेच दिसतं. चिठ्ठी बहुतेक वेळा बरोबर असते, पण घरी पोचल्यावर औषधाची वेळ, मात्रा नाहीतर ठेवण्याची जागा चुकते. खाली जे आकडे दिले आहेत ते स्वतःच्या मनानं औषध सुरू करायला नाहीत. तुमची चिठ्ठी तुम्हाला समजावी आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी आहेत.

पायरी १: फाइलवर आजाराचं नाव शोधा

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवी पडलेली, वीतभर लांबीची ग्रंथी. तिच्याकडे दोन कामं आहेत. अन्न पचवणारे रस, म्हणजे एन्झाइम, लहान आतड्यात सोडायचे आणि इन्सुलिन रक्तात सोडायचं. तेल-तूप पचवणारं लायपेज मुख्यतः तिथूनच येतं.

लोक सगळ्यालाच "पॅनक्रियाजचा आजार" म्हणतात. फाइलवर मात्र नेमकं नाव असतं. अ‍ॅक्यूट पॅनक्रियाटायटिस म्हणजे अचानक आलेली सूज. क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस म्हणजे वर्षानुवर्षं ग्रंथी कडक होत जाणं, तिच्यात खडे होणं. ऑटोइम्यून म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं ग्रंथीवर उलटणं. आणि चौथा कॅन्सर. या चौघांची मुख्य औषधं वेगवेगळी आहेत. शेजारच्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच असं समजू नका.

नावाखाली कारणही लिहिलेलं आहे का, ते पाहा. पित्ताशयातले खडे आणि दारू ही अचानक येणाऱ्या सुजेची दोन मोठी कारणं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, १,००० च्या वर गेली तरी सूज येते. काही औषधांनीही येते. फिट्सचं व्हॅल्प्रोएट आणि अ‍ॅझाथायोप्रिन ही त्यातली ठळक नावं. म्हणून आधीपासून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवा, पण स्वतःहून एकही बंद करू नका. फिट्सची गोळी अचानक तोडली तर दुसरंच संकट उभं राहतं.

आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी जास्तीच्या. पूर्व विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात आणि त्यातून पित्ताशयात लहान वयातच खडे होतात. अशा पोराच्या पोटात कळ उठली की घरचे "नेहमीचंच दुखणं" म्हणून वेदनेची गोळी देतात. एकदा तरी सोनोग्राफी आणि रक्तातलं लायपेज तपासून घ्या. दुसरी गोष्ट फवारणीची. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा झाली तर तिच्यासोबत स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. फवारणीनंतर पोटात कळ, उलट्या, तोंडाला फेस असं काही झालं तर औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठायचा.

पायरी २: अचानक कळ उठली तर

बेंबीच्या वर, पोटाच्या मधोमध सुरू होऊन पाठीत आरपार जाणारी, तासन्‌तास न थांबणारी कळ. माणूस पुढे वाकून बसतो, उलटी झाली तरी बरं वाटत नाही. हा गॅस नव्हे. गावात यावर सोड्याचं पाणी देतात, पोटावर बिब्बा घालतात, नाहीतर कोणाकडून तरी डायक्लोफिनॅकची सुई टोचून घेतात. सुईनं दोन तास कळ दबते आणि तेवढ्यात निघण्याची वेळ निघून जाते. उलट्यांनी अंगातलं पाणी आटलेलं असताना ही सुई किडनीलाही जड जाते. १०८ ला फोन करा. निघण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात सलाईन लावून मिळत असेल तर लावून घ्या.

दवाखान्यात निदान तीन गोष्टींवर होतं. अशी कळ, रक्तातलं अमायलेज किंवा लायपेज नेहमीच्या तिपटीच्या वर, आणि सोनोग्राफी किंवा सीटी. यांतल्या दोन जुळल्या की पुरे. नंतर रोज लायपेज तपासून काही हाती लागत नाही, त्या आकड्याच्या चढउताराची धास्ती घेऊ नका.

आता औषधं. ही सूज विरघळवणारं एकही औषध आज जगात नाही, हे नातेवाइकांनी आधी समजून घ्यायला हवं. "एवढे दिवस झाले, नुसतं सलाईनच लावून ठेवलं" अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. पण या आजारात सलाईन हेच मुख्य औषध आहे. सुजेमुळे रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब पडतो, ग्रंथीला रक्त पुरत नाही. ते पाणी भरून काढायचं असतं, बहुधा रिंगर लॅक्टेटनं, आणि बेतानं. पूर्वी भरमसाट द्यायचे. २०२२ मध्ये वॉटरफॉल नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात जास्त वेगानं सलाईन दिलेल्या रुग्णांच्या अंगात पाणी साठण्याचा त्रास जास्त झाला आणि आजार काही लवकर आवरला नाही. त्यामुळे बाटली हळू चालू दिसली तरी नर्सताईंना घाई करू नका.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल आणि गरज पडली तर फेंटानिलसारखं कडक औषध शिरेतून देतात. ते घेण्यात कमीपणा नाही. वेदना कमी झाली की श्वास नीट चालतो, माणूस उठून बसतो.

अँटिबायोटिकवर घरचे फार जोर देतात. पण पहिल्या दिवसांतला ताप बहुतेक वेळा सुजेचाच असतो, जंतूंचा नाही. पुढे ग्रंथीचा मेलेला भाग पिकला किंवा पित्तनळीत जंतू शिरले तर अँटिबायोटिक लागतंच, आणि तेव्हा ते भारीतलं लागतं. आधीच उगाच मारा केला तर नेमक्या वेळी औषध लागू पडत नाही. ऑक्ट्रिओटाइडची महागडी इंजेक्शनं सुजेसाठी लिहिली असतील तर ती कशासाठी आहेत हे नम्रपणे विचारा. सुजेवर त्यांचा उपयोग अभ्यासांत दिसलेला नाही.

आठवडाभर तोंडाला कुलूप लावण्याची जुनी पद्धतही मागे पडली आहे. उलटी थांबली, भूक लागली की पातळ खिचडी, मऊ भात-वरण लवकर सुरू करतात. खाता येत नसेल तर नाकातून नळी घालून अन्न देतात. आतडं रिकामं ठेवलं तर त्यातले जंतू बाहेर पडून आजार वाढतो. नळी पाहून घाबरू नका. शिरेतून अन्न म्हणून दिलेल्या महागड्या पांढऱ्या बाटलीपेक्षा ती नळी बरी.

पायरी ३: घरी आल्यावर, पहिले दोन महिने

पित्ताशयातल्या खड्यांमुळे सूज आली असेल तर पित्ताशय काढणं हाच इलाज. सूज साधी असेल तर त्याच मुक्कामात ऑपरेशन करून घेणं सगळ्यांत चांगलं. "सोयाबीन निघू द्या, मग बघू" म्हणत थांबलेले लोक दुसरी कळ घेऊन परत आलेले मी पाहिले आहेत. खडे विरघळवायची अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडची गोळी ऑपरेशनची जागा घेत नाही.

ट्रायग्लिसराइडमुळे आलेली सूज असेल तर फेनोफायब्रेट बहुतेक कायम चालतं. इथे मात्र तेल-तूप खरोखर तोडावं लागतं. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद करू नका. रिपोर्ट गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

दारूमुळे आली असेल तर दारू थांबवायची, पण रोज पिणाऱ्यानं ती घरात एकट्यानं झटक्यात तोडणं धोक्याचं आहे. पहिल्या दोन ते चार दिवसांत हात कापणं, झोप उडणं, भास होणं, फिट येणं, इथपर्यंत मजल जाते. त्यावर लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड डॉक्टरांच्या देखरेखीत देतात आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व भरपूर देतात. म्हणून दाखल झाल्याबरोबर खरं सांगा, रोज किती आणि शेवटची कधी. आपल्याकडे वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, त्यामुळे लोक सांगायला कचरतात. डॉक्टर पोलिसांना कळवायला विचारत नाहीत, जीव वाचवायला विचारतात. मोहाची घरगुती असली तरी तीही दारूच. बिडीसुद्धा थांबवायची. धुरानं स्वादुपिंडाचा आजार पुढे सरकतो हे पक्कं ठाऊक आहे. खर्रा तोंडाचा कॅन्सर टाळायला सोडाच.

पुन्हा ताप आला, पोट फुगून टणक लागलं, दोन घासांत पोट भरायला लागलं किंवा डोळे पिवळे झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात जा.

पायरी ४: एन्झाइमची कॅप्सूल

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

जुन्या आजारात ग्रंथीचा रस आटतो. तेल पचत नाही, ते शौचातून बाहेर पडतं. शौच फिकट, चिकट, तेलकट, उग्र वासाचं होतं. पाणी टाकलं तरी भांड्याला चिकटून राहतं. शेतात शौचाला जाणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, म्हणून आजार वर्षभर लपून राहतो. दिसतं ते फक्त उतरणारं वजन. शौचातल्या इलास्टेजची तपासणी करतात. तो आकडा २०० च्या खाली असेल तर रस कमी पडतोय, १०० च्या खाली असेल तर फारच कमी.

यावर पॅनक्रियाटिनच्या कॅप्सूल आहेत. आपल्या ग्रंथीतून जो रस यायला हवा तोच बाहेरून द्यायचा. हे पॅनक्रियाटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. शाकाहारी घरांना आणि मुस्लिम बांधवांना मी हे विकण्याआधी सांगतो, कारण नंतर कळलं तर माणूस औषधच टाकून देतो. तितकंच काम करणारा दुसरा पर्याय आज दुकानात मिळत नाही. बहुतेक जण हे ऐकून, घरात बोलून, घ्यायचं ठरवतात.

पचनाची गोड सिरपं हे यावरचं औषध नव्हे. त्यात डायस्टेज आणि पेप्सिन असतं, तेल पचवायला लागणारं पुरेसं लायपेज नसतं. एका मावशींनी वर्षभर तसल्या बाटल्या रिचवल्या आणि वजन दहा किलोनं उतरलं, हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

मात्रा लायपेजच्या युनिटमध्ये मोजतात. मोठ्या माणसाला साधारणपणे मोठ्या जेवणाला ४०,००० ते ५०,००० आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मी अशी सुरुवात करतात. हिशेब असा मांडा. सकाळची न्याहारी, दुपारची भाकर, रात्रीचं जेवण, तिन्हीला ५०,०००, म्हणजे २५,००० च्या सहा कॅप्सूल. चार वाजता चिवडा किंवा दूध-बिस्कीट, त्याची एक. दिवसाला सात. आता तुमच्या घरी दिवसाला किती जातात ते मोजा. तीनच जात असतील तर फरक का पडत नाही ते तिथेच कळेल. कॅप्सूल महाग आहेत, हे खरं. खरेदी करताना डबीची किंमत पाहू नका, १०,००० युनिटला किती रुपये पडतात ते काढा. मोठ्या ताकदीची कॅप्सूल पुष्कळदा स्वस्त पडते. मात्रेला वरची मर्यादाही आहे, दिवसाला दर किलो वजनामागे १०,००० युनिट. तिच्यापुढे स्वतःहून जायचं नाही.

घ्यायची कशी ते नीट वाचा. दोन कॅप्सूल असतील तर पहिली पहिल्या घासाबरोबर, दुसरी जेवण अर्ध्यावर आल्यावर. रस अन्नासोबतच आतड्यात उतरायला हवा. जेवणाआधी घेतली तर ती पुढे निघून जाते, नंतर घेतली तर अन्न पुढे निघून जातं. साध्या पाण्यासोबत गिळायची, गरम चहासोबत नाही. चावायची नाही, तोंडात धरून ठेवायची नाही, आतले दाणे हिरड्यांना लागले तर तोंड येतं. गिळता येत नसेल तर उघडून दाणे सफरचंदाच्या थंड गरात मिसळून लगेच गिळवा आणि वर पाणी द्या. दाणे कुटू नका. त्यांच्यावरचं आवरण जठरातल्या आम्लापासून आतला रस वाचवतं, ते फुटलं की औषध वाया. गरम वरण-भातावरही भुरभुरू नका.

काळा चहा, लिंबाचं सरबत, नुसतं फळ याला कॅप्सूल नको. मांडवातलं सावजी जेवण किंवा रोडग्याचा बेत असेल तर तेल-तूप नेहमीपेक्षा जास्त, तेव्हा मात्रा किती वाढवायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. एखाद्या वेळेला विसरलात तर विसरलात, पुढच्या जेवणाला दुप्पट घेऊ नका.

"तेल-तूप पूर्ण बंद" हा सल्ला गावात सर्रास दिला जातो. ट्रायग्लिसराइडचा रुग्ण सोडला तर जुन्या आजारात तो बहुतेकांना अपाय करतो. आधीच अंगावर मांस नाही, त्यात तेल तोडलं तर ताकद येणार कुठून? कॅप्सूल पुरेशी असेल तर घरचं साधं जेवण चालतं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंडी, दही, थोडं थोडं करून दिवसातून पाच-सहा वेळा.

पुरेशी मात्रा, बरोबर वेळ, तरीही शौच तेलकटच असेल तर डॉक्टर पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल जोडतात. जठरातलं आम्ल कमी झालं की कॅप्सूलचं काम सुधारतं. तेलासोबत अंगी लागणारी ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही कमी पडतात. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा असते, रोजची नाही. रोज घेऊन उलट्या करत आलेला माणूस मी पाहिला आहे. हाडं ठिसूळ होतात, म्हणून ही पुडी चुकवूही नका.

आता उन्हाळा. बहुतेक डब्यांवर २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छपराखाली, गाडीच्या डिक्कीत, चुलीजवळच्या फळीवर ठेवलेल्या डबीतला रस मरतो. वरून कॅप्सूल तशीच दिसते. एका वेळी महिन्याचीच घ्या, घरातल्या सगळ्यांत थंड आणि कोरड्या कोपऱ्यात ठेवा, झाकण घट्ट लावा. आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका.

पायरी ५: जुन्या दुखण्याच्या गोळ्या

पॅरासिटामॉलपासून सुरुवात होते. दिवसाला एकूण किती चालेल ते विचारा. दारू पिणाऱ्याला किंवा यकृत खराब असलेल्याला ती मर्यादा कमी असते. पुढची पायरी ट्रामाडॉल. तिनं चक्कर येते, मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, काहींना फिट येते. दारूसोबत ती जीवघेणी. २०१८ पासून ही गोळी अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली आहे, म्हणून चिठ्ठीशिवाय दिली नाही तर दुकानदारावर रागावू नका.

प्रीगॅबलिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी काही रुग्णांत चांगलं काम करते. कमी मात्रेनं सुरू करतात, पहिल्या आठवड्यात झोप आणि गरगर होते, तोवर गाडी चालवू नका, विहिरीवर जाऊ नका. एकदम बंदही करू नका. अँटिऑक्सिडंट गोळ्यांबद्दल मत विभागलेलं आहे. २००९ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या अभ्यासात त्यांनी दुखणं कमी झालं, २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात फरक पडला नाही. माझं मत असं की पैसा मोजून लावायचा असेल तर आधी एन्झाइमवर लावा.

गोळ्या वाढवत वर्षं काढू नका. ग्रंथीच्या नळीत खडा अडकून दुखत असेल तर तो दुर्बिणीनं काढता येतो, बाहेरून लहरी देऊन फोडता येतो, किंवा ऑपरेशन करता येतं. ऑपरेशन लवकर केलं तर दुखण्याला जास्त आराम पडतो असं २०२० मधल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात दिसलं. कडक गोळ्यांची सवय लागण्याआधीच पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.

पायरी ६: स्वादुपिंडामुळे आलेली साखर

ही साखर नेहमीच्या मधुमेहासारखी नसते. इथे इन्सुलिन तर कमी पडतंच, शिवाय साखर घसरल्यावर ती सावरणारं ग्लुकॅगॉनही कमी पडतं. त्यामुळे साखर एकदम खाली जाते. सुरुवातीला मेटफॉर्मिन चालतं, पण बहुतेकांना पुढे इन्सुलिनच लागतं. "सुई लागली म्हणजे शेवट" ही समजूत मनातून काढून टाका. इन्सुलिन आपल्याच ग्रंथीत तयार होणारी वस्तू आहे, सुरू झालं की अंगावर मांस चढतं. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या आणि सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यानं शक्यतो टाळायची असतात. मधुमेहाचे डॉक्टर वेगळे असतील तर त्यांना हा आजार आवर्जून सांगा.

घाम, थरथर, घाबरं होणं, चिडचिड असं झालं की तीन चमचे साखर पाण्यात घोळून लगेच द्या. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ बोलवा. कापूस वेचायला किंवा रोवणीला जाताना साखरेची पुडी ओटीत असू द्या. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी कामाला लागायचं नाही.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी. उघडलेली बहुतेक इन्सुलिनं थंड जागी साधारण चार आठवडे टिकतात. फ्रिज नसेल तर एका मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवा, मधल्या फटीत वाळू भरा, वाळू दिवसातून दोनदा ओली करा. बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे फार छान चालतं. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा मडकं तितकं गार होत नाही.

पायरी ७: कावीळ, स्टेरॉइड आणि कॅन्सर

पन्नाशीच्या पुढे, न दुखता आलेली कावीळ, सोबत वजन उतरणं आणि अंगाला खाज. अशा माणसाला काविळीची माळ घालून किंवा मुळी पाजून महिना घालवू नका. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या गाठीनं पित्तनळी दाबली की अशीच कावीळ होते, आणि त्या महिन्यात ऑपरेशनची संधी निघून जाऊ शकते.

असंच चित्र ऑटोइम्यून आजारातही दिसतं. तो प्रेडनिसोलोननं सुंदर आवरतो. साधारण चार आठवडे पूर्ण मात्रा, मग हळूहळू कमी. पण कॅन्सर नाही याची खात्री झाल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करत नाहीत. बरं वाटलं म्हणून ते एकदम तोडायचं नाही आणि साखर तपासत राहायचं.

कॅन्सरमध्ये गाठ काढता आली तर ऑपरेशन आणि त्यासोबत केमो. काढता येत नसेल तर केमो. तब्येत धडधाकट असेल तर फॉल्फिरिनॉक्स ही चार औषधांची जोडणी, नाहीतर जेमसिटाबिन, एकटं किंवा नॅब-पॅक्लिटॅक्सेलसोबत. फॉल्फिरिनॉक्समध्ये ऑक्सॅलिप्लाटिन असतं. ते घेतल्यावर पाचेक दिवस माठातलं पाणी, बर्फाचा गोळा, थंड लोखंड यांना हात लावू नका. बोटांना आणि घशाला झिणझिण्या येतात. ऐन उन्हाळ्यात कोमट पाणी पिणं जिवावर येतं, मला कळतं, पण पाळा. त्यातल्याच इरिनोटेकॅननं जुलाब होतात, लोपेरामाइड कधी आणि किती घ्यायचं ते निघण्याआधी लिहून घ्या. केमोनंतर ताप १००.४ झाला तर रात्रीचे बारा वाजले असले तरी दवाखाना गाठा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. एकाच पायाला सूज आली तर रक्ताची गाठ असू शकते, तेही त्याच दिवशी दाखवा.

पायरी ४ मधल्या कॅप्सूल कॅन्सरच्या रुग्णालाही लागतात, आणि कित्येकदा कोणी त्या लिहीतच नाही. विचारा.

मॉर्फिनला घाबरू नका. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. वेदनेसाठी वेळेवर घेतलेल्या मॉर्फिननं माणूस लवकर मरत नाही, शांत झोपतो. पहिल्या दिवसापासून पोट साफ करणारं औषध मात्र जोडीला हवं.

पायरी ८: कुठे जायचं, कोणते कागद

नागपूरला मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, मेयो रुग्णालय, मिहानमधलं एम्स. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं. कॅन्सरसाठी नागपुरातलं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांखाली कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, बिल भरून झाल्यावर नाही. रोजच्या कॅप्सूलचा खर्च योजनेत बसतो का, सरकारी औषधालयात मिळतात का, हेही तिथेच विचारा. पँटोप्राझोल, मेटफॉर्मिन, फेनोफायब्रेट यांसारख्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र पाहा.

एका जाड कागदावर मराठीत लिहून ठेवा. आजाराचं नेमकं नाव, चालू औषधं आणि त्यांची ताकद आकड्यात, सिकलसेलचा रिपोर्ट, कशाची अ‍ॅलर्जी, शेवटचा सीटी कधी झाला. त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा. आणि दुपारच्या कॅप्सूल शर्टाच्या खिशात नको, घामानं चिकटतात. लहान कोरड्या डबीत घालून शिदोरीच्या फडक्यात भाकरीच्या वर ठेवा, म्हणजे गाठ सोडली की भाकरीच्या आधी त्या हाताला लागतील.